रेफ्री आपल्याच क्लबवर खार खाऊन आहे का, आणि ते तपासायचं कसं

प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला: पुण्यात एकत्र बसून मॅच बघणाऱ्या लिव्हरपूल-समर्थकांच्या एका ग्रुपची खात्री आहे की इंग्लंडमधले रेफ्री त्यांच्या क्लबच्या विरोधात शिट्टी फुंकतात. हे आकड्यांनी सिद्ध करता येईल का? दुसरा: याच मुलांची टीम शहरातल्या स्पर्धांमध्ये खेळते आणि तिथेही त्यांना तेच वाटतं. तिथे काय करायचं?

रेफ्रींचा कल हा प्रकार खरा आहे आणि तो मोजलाही गेला आहे. पण मोजमापात वारंवार सापडतो तो यजमान संघाकडे झुकणारा कल, म्हणजे ज्याच्या घरी मॅच त्याला थोडी सवलत. अमुक एका क्लबवर देशभरातले रेफ्री वर्षानुवर्षं डूख धरून आहेत, हा दावा वेगळा आहे आणि त्याला पुरावाही वेगळा लागतो. 'आम्हा सगळ्यांना तसं वाटतं' हा पुरावा चालत नाही, कारण हीच तक्रार मँचेस्टर युनायटेडच्या, आर्सेनलच्या आणि एव्हर्टनच्या लोकांचीही आहे. लिव्हरपूल आणि एव्हर्टन यांच्यातली मर्सीसाइड डर्बी संपल्यावर एकाच रेफ्रीला दोन्हीकडचे समर्थक विकला गेलेला म्हणतात.

यात खोटं कोणीच बोलत नसतं. १९५१ साली अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांमध्ये त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा एक बराच मारामारीचा सामना झाला. नंतर त्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंनी किती नियमभंग केले? प्रिन्स्टनच्या मुलांना सरासरी जवळपास १० दिसले, डार्टमथच्या मुलांना ४ च्या थोडे वर. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या संशोधकांनी हे १९५४ साली प्रसिद्ध केलं. फिल्म तीच होती, बघणाऱ्यांचे डोळे मात्र मॅच सुरू होण्याआधीच एका बाजूचे होते.

त्यात स्मरणाची भर पडते. आपल्या बाजूने पेनल्टी मिळाली की ती 'बरोबरच होती' म्हणून विसरली जाते. विरोधात गेलेली पेनल्टी रात्रभर व्हॉट्सअॅपवर फिरते, सोमवारी ऑफिसात चघळली जाते आणि तीन वर्षांनी तारखेसकट आठवते. लिव्हरपूलवाल्यांकडे तर एक अस्सल उदाहरण आहे. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल. मैदानावर ऑफसाइड दिला गेला, म्हणजे पास निघाला तेव्हा तो शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता असं ठरलं. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओवरून निर्णय तपासणाऱ्या, खोलीतल्या अधिकाऱ्याचा समज झाला की मैदानावर गोल दिला आहे, म्हणून त्याने 'तपासणी पूर्ण' असं कळवलं. प्रत्यक्षात डियाझ ऑनसाइड होता. चूक लक्षात येईपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता, आणि नियमानुसार खेळ सुरू झाल्यावर मागचा निर्णय फिरवता येत नाही. लिव्हरपूल २-१ हरलं. ही चूक निर्विवाद आणि ढोबळ आहे. तरी चुकांच्या हिशेबात तिची किंमत एकच, कारण ती झाली ती ताळमेळ न राहिल्याने. रेफ्रींच्या संघटनेने दुसऱ्याच दिवशी तिच्यावर पांघरूण घातलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण चूक जाहीरपणे मान्य झाली आणि संवादाची ध्वनिफीतही लोकांसमोर आली.

आता जो कल खरोखर सापडतो त्याकडे. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात ४० प्रशिक्षित रेफ्रींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या ४७ झटापटी व्हिडिओवर दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातला यजमान संघ होता लिव्हरपूल, म्हणजे लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावरच्या गोंगाटाची सवलत तुमच्याच खात्यात जमा होते. स्पेनमधल्या १९९० च्या दशकातल्या सामन्यांवरचा अभ्यासही बोलका आहे. यजमान एका गोलाने मागे असेल तर रेफ्री जास्त इंज्युरी टाइम (थांबलेल्या खेळाच्या भरपाईचा वेळ) देत आणि एका गोलाने पुढे असेल तर कमी; दोन्हींतला फरक जवळपास दुपटीचा होता. फरक तीन-चार गोलांचा असेल तर असा कल दिसत नसे, कारण तेव्हा वेळ वाढवून कोणाचंच भलं होणार नसतं. १६ मे २०२० ला जर्मन लीग रिकाम्या स्टँडसमोर पुन्हा सुरू झाली आणि पाठोपाठ इतर देशांतल्याही. त्या सामन्यांत पाहुण्या संघाला जास्त कार्डं मिळण्याचा नेहमीचा प्रकार बराचसा ओसरला.

यात पुणेकरांनी लक्षात घेण्याजोगा एक तपशील आहे. जर्मनीतल्याच सामन्यांवरून असंही दिसलं की मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक असलेल्या स्टेडियममध्ये यजमानांकडचा कल कमी असतो, कारण आवाज लांबून येतो. बालेवाडीचं स्टेडियम नेमकं तसं. २०१४ ते २०१९ या काळात एफसी पुणे सिटी तिथे खेळली, तेव्हा तिच्या समर्थकांची ऑरेंज आर्मी कितीही ओरडली तरी तो आवाज आठ लेनच्या ट्रॅकवरून रेफ्रीपर्यंत पोहोचायचा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की कान कसे बसतात ते ज्यांनी ऐकलंय, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून पहिला नियम: घरच्या आणि बाहेरच्या मॅचची नोंद कधीही एकत्र करू नका.

दुसरी गोष्ट भाजकाची, आणि बहुतेक तक्ते इथेच फसतात. 'त्यांना १० पेनल्टी, आम्हाला ४' या वाक्याला स्वतःचा काही अर्थ नाही. पेनल्टी मिळते प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकटीत), त्यामुळे जो संघ तिथे जास्त वेळा चेंडू खेळवतो त्याला जास्त पेनल्टी मिळणार. भागायचं असेल तर प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्समधल्या स्पर्शांनी भागा. हा आकडा आता आकडेवारीच्या बऱ्याच साइट्सवर फुकट मिळतो. त्यातही क्रॉस मारणारा संघ आणि ड्रिबल करत आत घुसणारा संघ यांत फरक राहतोच, कारण पाय अडकतो तो ड्रिबल करणाऱ्याचा.

कार्डांचं गणित याहून फसवं. फाऊल कमी आणि कार्डं जास्त दिसली की लोकांना वाटतं आता पुरावा हाती लागला. पण चेंडू सतत स्वतःकडे ठेवणारा संघ फाऊल करतो कधी? चेंडू गमावल्यावर, समोरच्याचा काउंटर अटॅक तोडताना. आशादायक हल्ला तोडला की नियमानुसार पिवळं कार्ड. मिडफिल्डमध्ये ढकलाढकली करणारा संघ १५ फाऊल करून १ कार्ड घेईल, तुमचा संघ ७ फाऊलमध्ये ३ घेईल, आणि यात रेफ्रीने कुठेही वाकडं पाऊल टाकलेलं नसेल. कार्डांची तुलना करायची तर फाऊल कुठे झाला, पुढे किती बचावपटू होते आणि हल्ला चालू होता का, हे तीन रकाने हवेत.

'हा रेफ्री असला की आम्ही जिंकतच नाही' हेही असंच. अनुभवी रेफ्रींना मोठ्या मॅच दिल्या जातात. ज्याच्या हाताखाली तुम्ही मँचेस्टर सिटी, आर्सेनल आणि युनायटेडशी खेळता, त्याच्यासोबतचा तुमचा जिंकण्याचा टक्का नवख्या रेफ्रीसोबतच्या टक्क्यापेक्षा कमीच असणार. जाताजाता: इंग्लंडमध्ये रेफ्रींना आपण कोणत्या क्लबचे समर्थक आहोत ते आधी जाहीर करावं लागतं आणि नेमणुका करताना ते पाहिलं जातं.

मग योगायोग. समजा, एखाद्या क्लबला मोसमात सरासरी ५ पेनल्टी मिळणं अपेक्षित आहे. निव्वळ नशिबाने २ किंवा त्याहून कमी मिळण्याची शक्यता साधारण साडेबारा टक्के निघते. लीगमध्ये २० क्लब. म्हणजे कोणाचाही काहीही डाव नसताना दर मोसमात दोन-तीन क्लबांवर ही वेळ यायचीच, आणि त्या दोन-तीन क्लबांचे समर्थक 'हा योगायोग असूच शकत नाही' म्हणणार.

नियमांच्या गैरसमजातून येणारी तक्रार वेगळी काढली तर यादी निम्मी होते, असं माझं स्पष्ट मत आहे. चेंडूला आधी पाय लागला म्हणून फाऊल टळत नाही. पाहायचं असतं ते आव्हान निष्काळजी होतं (फक्त फ्री किक), बेफिकीर होतं (पिवळं) की अवाजवी जोराचं (लाल). हाताला लागलेला प्रत्येक चेंडू हँडबॉल नसतो. हात मुद्दाम चेंडूकडे नेला का, किंवा त्या हालचालीत हाताची ती जागा स्वाभाविक होती का, हे बघतात. स्वतःच्या हाताला चुकून लागून लगेच गोल केला तर तो रद्द होतो, पण सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागून चेंडू आला आणि तुम्ही गोल केलात, तर २०२१ पासून तो गोल धरतात. नक्की होणारा गोल बॉक्समध्ये अडवला तरी चेंडू खेळण्याचा प्रयत्न होता तर पेनल्टीसोबत पिवळंच कार्ड, हे २०१६ पासून. शर्ट ओढला असेल तर मात्र लालच.

व्हीएआरबद्दल तर सगळ्यात मोठा गैरसमज. ते गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड या बाबतींत प्रामुख्याने हात घालतं, तेही चूक उघड आणि ढळढळीत असेल तरच. याचा परिणाम असा की पेनल्टी देता येईल आणि न देताही चालेल अशा दोन जवळपास सारख्या झटापटी घ्या. एका मॅचमध्ये मैदानावर पेनल्टी दिली गेली, ती टिकली. दुसऱ्या मॅचमध्ये दिली नाही, तेही टिकलं. समर्थक दोन्ही क्लिप शेजारी-शेजारी लावून पक्षपात सिद्ध झाला म्हणतो. तिथे सिद्ध होतं ते सातत्य नसणं, आणि सातत्याबद्दलची तक्रार माझ्या मते शंभर टक्के रास्त आहे.

ऑफसाइडबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे डोळा भूमितीमुळे फसतो. लाइन्समन शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत हवा. समजा तो गोलच्या बाजूला फक्त १ मीटर पुढे सरकला आहे, बचावपटू त्याच्यापासून ३० मीटरवर आणि स्ट्रायकर पलीकडे ५० मीटरवर आहे. मग त्याला दिसणारी रेषा स्ट्रायकरच्या जागी सुमारे ६७ सेंटिमीटर मागे पडते. त्या पट्ट्यात ऑनसाइड उभा असलेला स्ट्रायकर त्याला ऑफसाइड दिसतो. त्याच वेळी बचावपटूच्या अलीकडचा, म्हणजे लाइन्समनच्या जवळचा, ऑफसाइड स्ट्रायकर ऑनसाइड दिसतो. लाइन्समन मागे राहिला तर दोन्ही चुका उलट होतात. तुमचा विंगर पलीकडच्या बाजूने पळणारा असेल, तर तुमच्या विरोधात चुकीचे झेंडे जास्त पडतील. त्याला कारण विंगरची बाजू. टीव्हीचा मुख्य कॅमेरा मध्यरेषेजवळ असतो, म्हणून घरी बसून तिरकी रेषा ओढू नका. गवताच्या कापणीचे पट्टे बघा. आणि ५० फ्रेमच्या चित्रणात स्ट्रायकर सेकंदाला ८ मीटर पुढे, बचावपटू ४ मीटर उलट दिशेने येत असेल तर एका फ्रेममध्ये दोघांतलं अंतर २४ सेंटिमीटरने बदलतं. 'पास निघाला तो क्षण' एक फ्रेम इकडे-तिकडे धरला की निकाल फिरतो.

इतकं गाळूनही शंका उरत असेल तर नोंदवही ठेवा, पण मोसम सुरू होण्याआधी नियम ठरवून. मध्येच सुरू केलेली नोंदवही नेहमी एखाद्या वाईट निर्णयानंतर सुरू होते आणि तिथेच बिघडते. कोणते निर्णय मोजायचे ते लिहून टाका: पेनल्टी (दिलेली आणि मागितलेली), लाल कार्ड, दुसरं पिवळं, ऑफसाइडमुळे रद्द झालेला किंवा टिकलेला गोल. थ्रो-इन आणि कॉर्नर सोडून द्या, त्यांनी कागद भरतो आणि हाती काही लागत नाही. आपल्या बाजूने गेलेला निर्णय त्याच रात्री नोंदवायचा. दुसऱ्या दिवशी तो आठवत नाही, हे गृहीतच धरा.

प्रत्येक निर्णयाची क्लिप कापायची: झटापटीच्या ४ सेकंद आधीपासून २ सेकंद नंतरपर्यंत, शिट्टीच्या आधी थांबेल अशी. कॉमेंट्री बंद, स्कोअरची पट्टी झाकलेली, जमलं तर चित्र कृष्णधवल. आधी मूळ वेगात दाखवा. स्लो मोशनमध्ये साधा धक्काही मुद्दाम मारल्यासारखा दिसतो, त्याने लाल कार्डांची संख्या फुगते. निर्णय देणारे तिघे हवेत आणि त्यांतला एकही तुमच्या क्लबचा नको. पुण्यात हे अवघड नाही. दुसऱ्या क्लबचा ग्रुप शेजारच्या टेबलावरच बसलेला असतो. तुम्ही त्यांच्या क्लिप तपासा, ते तुमच्या तपासतील. तिघांचं एकमत झालं तरच ती चूक म्हणायची. दोन विरुद्ध एक असेल तर तो निर्णय 'दोन्हीकडे जाऊ शकला असता' या रकान्यात.

मोसमाअखेर हाच रकाना बघायचा. इथले निर्णय नाणेफेकीसारखे दोन्हीकडे सारखे पडायला हवेत. समजा ३० निर्णय जमले. त्यांतले १७ किंवा १८ विरोधात गेले तर काहीच सिद्ध होत नाही. २० किंवा अधिक विरोधात जाण्याची शक्यता निव्वळ योगायोगाने ५ टक्क्यांच्या जरा खाली आहे. सणसणीत वाटतं, पण २० क्लबांच्या लीगमध्ये ५ टक्के म्हणजे दरवर्षी सरासरी एक क्लब. म्हणून एका मोसमावर थांबू नका. पुढच्या मोसमात त्याच नियमांनी, त्याच पद्धतीने पुन्हा २० च्या वर गेलात तर मग तुमच्याकडे बोलण्यासारखं काही आहे.

खरा भ्रष्टाचार होत नाही असं नाही. जर्मनीत ऑगस्ट २००४ च्या चषक सामन्यात रॉबर्ट होयझर या रेफ्रीने हॅम्बुर्गच्या स्ट्रायकरला बाहेर काढलं आणि पाडरबोर्नला दोन पेनल्टी दिल्या. पाडरबोर्न ४-२ जिंकलं. पुढे तो सट्टेबाजांसाठी मॅच फिरवत होता हे उघड झालं आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. इटलीत २००६ मध्ये युव्हेंटसची दोन विजेतेपदं गेली आणि संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. तिथे रेफ्रींच्या नेमणुकांवर प्रभाव टाकल्याचं फोनवरच्या संभाषणांतून बाहेर आलं. पैसा, फोन, नेमणुका अशा वाटेने ही प्रकरणं सापडतात. आणि युव्हेंटसच्या बाबतीत आरोप क्लबच्या फायद्याचा होता, हेही ध्यानात ठेवा.

आता शहरातल्या स्पर्धा. इथे व्हीएआर नाही, कित्येकदा तटस्थ लाइन्समनही नाही. क्लबचाच कोणीतरी झेंडा धरतो आणि त्याने फक्त चेंडू बाहेर गेला एवढंच सांगायचं असतं. एकटा रेफ्री एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरका पळतो. त्या वाटेपासून दूरचे दोन कोपरे त्याला नीट दिसत नाहीत, आणि मातीच्या मैदानावर धूळ उडाली की अजिबातच नाही. तुमचा स्ट्रायकर नेहमी त्याच कोपऱ्यात पडत असेल तर फाऊल मिळणार नाही. हाफटाइमनंतर बाजू बदलली की तक्रारही समोरच्या संघाकडे जाते का, ते बघा.

मैदानावर बोलायचं फक्त कॅप्टनने. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफ्री निर्णय बदलू शकतो, नंतर नाही, म्हणून बोलायचं ते त्या दहा-पंधरा सेकंदांत. तेही दिसण्याबद्दल नको, नोंदीबद्दल हवं: नंबर चुकला, एकाच खेळाडूला दुसरं पिवळं झालं, फ्री किक इनडायरेक्ट (थेट गोल करता न येणारी) आहे. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये क्रोएशियाच्या एका खेळाडूला तीन पिवळी कार्डं मिळेपर्यंत तो मैदानावर होता, म्हणजे नोंदीत चूक सगळ्यात वरच्या पातळीवरही होते. तुमच्या फ्री किकच्या वेळी समोरच्या खेळाडूंची भिंत ९.१५ मीटर मागे हवी असेल तर ती मागा, आणि मागितली की शिट्टीची वाट बघा. फ्री किक समोरच्याची असेल तर भिंत न मागता पटकन मारायचा हक्क त्यालाही आहे. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत बंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीने एक्स्ट्रा टाइममध्ये अशीच पटकन फ्री किक मारली, केरला ब्लास्टर्स अजून भिंत लावत होते. केरलाचे कोच संघाला घेऊन मैदानाबाहेर गेले. क्लबची तक्रार फेटाळली गेली, ४ कोटींचा दंड झाला आणि कोचवर १० सामन्यांची बंदी आली. मैदान सोडलं की मूळ मुद्दा कितीही बरोबर असो, तो कोणी ऐकत नाही.

लेखी तक्रार करायची तर फरक ओळखा. फाऊल होता की नव्हता, चेंडू रेषेपार गेला की नाही, या खेळातल्या वस्तुस्थितीवर रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो. त्यावरचा अर्ज म्हणजे फी वाया. नियमच चुकीचा लावला असेल तर मात्र अर्ज टिकू शकतो. सप्टेंबर २००५ मध्ये उझबेकिस्तान-बहरीन या वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यात उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल केला, पण त्यांचाच खेळाडू आधीच बॉक्समध्ये घुसला होता. त्या वेळच्या नियमाने पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती, रेफ्रीने बहरीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली. उझबेकिस्तानने १-० जिंकूनही तक्रार केली, फिफाने सामनाच रद्द करून पुन्हा खेळवला. तो १-१ सुटला आणि पुढे बहरीन गेलं. अर्ज देण्याआधी स्कोअरबोर्ड बघा.

अर्जात एवढंच लिहा: मिनिट, तेव्हाचा स्कोअर, रेफ्रीने काय दिलं, खेळ कसा सुरू झाला, नियमपुस्तकातला क्रमांक आणि त्यानुसार काय व्हायला हवं होतं. कॅप्टनची सही, आणि स्पर्धेच्या नियमावलीत दिलेल्या मुदतीच्या आत. ती मुदत बहुधा तासांत मोजलेली असते, म्हणून नियमावलीची प्रत पहिल्या मॅचच्या आधीच मागून घ्या. 'पक्षपाती' हा शब्द अर्जात घालू नका. समितीला त्यावर निर्णय देता येत नाही, आणि तोच शब्द पुढे तुमच्याविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कागदात उद्धृत होतो.